पस्तीस मिनिटांचा तास आणि डिजिटल ग्रंथालय

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या शिक्षकांची आहेत. त्या सर्वांचा विषय जवळजवळ एकच आहे : शैक्षणिक साहित्याचे जे मोठमोठे संग्रह आता इंटरनेटवर विनामूल्य खुले झाले आहेत, त्यांचा वर्गात नेमका उपयोग कसा करावा. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. दीक्षा, नॅशनल डिजिटल लायब्ररी, ओलॅब्स, फेट या संग्रहांची नावे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकते. रविवारचे दोन-तीन तास शोधण्यात जातात, पंधरा-वीस व्हिडिओ सापडतात, पण वर्गात त्यांतला एकही नीट बसत नाही. मुले आवडीने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी विचारले तर काहीच सांगता येत नाही. माझे कोठे चुकते? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण मेहनतीत कमी पडत नाही, क्रम उलटा झाला आहे, इतकेच. आपण आधी ग्रंथालयात जाता आणि मिळालेल्या साहित्याला तासात जागा शोधता. त्याऐवजी आधी मुलांची नेमकी अडचण ठरवावी आणि तेवढ्यापुरते साहित्य आणायला जावे. अनुभवी शिक्षक या संग्रहांतून अख्खा पाठ सहसा उचलत नाहीत. एखादी आकृती, एखादे सिम्युलेशन (पडद्यावर राशी बदलून पाहता येणारा आभासी प्रयोग), एखादा प्रश्न असा लहानसा तुकडा घेतात आणि तो आपल्या पाठात शिवून टाकतात.

भिंगांचे प्रकरण उदाहरणादाखल घेऊ. वर्गात अंधार करून बहिर्गोल भिंगाने खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडावी आणि मुलांना वहीत उत्तर लिहायला सांगावे : भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमेचे काय होईल? बहुतेक मुले लिहितात की अर्धे झाड नाहीसे होईल, आणि मग वरचे अर्धे की खालचे अर्धे यावर वर्गात चांगलीच जुंपते. त्यानंतर कागद लावून दाखवावा. झाड संपूर्णच दिसत राहते, फक्त प्रतिमा मंद होते.

हा गैरसमज मुलांच्या डोक्यात येतो तो पुस्तकातल्या किरणाकृतीवरून. आकृतीत वस्तूच्या टोकापासून निघालेले दोनच किरण काढलेले असतात, तेव्हा तेवढेच किरण असतात आणि त्यांतला एक अडवला की प्रतिमा बिघडते, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. ग्रंथालयाची गरज येथे लागते, त्याच्या आधी नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील ‘फेट’ या संग्रहात (नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला) भिंगांचे एक सिम्युलेशन आहे. त्यात दोन-तीन किरणांऐवजी पुष्कळ किरण दाखवण्याची सोय आहे आणि भिंगाचा व्यास कमीजास्त करता येतो. व्यास कमी केला की भिंगातून जाणारे किरण कमी होतात, पण जे जातात ते त्याच बिंदूत एकत्र येतात. पाच मिनिटांचे काम. एवढे पाहून झाले की संगणक बंद करून फळ्याकडे वळावे.

व्हिडिओबद्दलही एक सांगितले पाहिजे. ‘असे केले तर काय होईल’ हे व्हिडिओला विचारता येत नाही, आणि विज्ञानाच्या तासात मुलांना सर्वांत जास्त तेच विचारायचे असते. म्हणून जेथे राशी बदलून पाहायची आहे तेथे सिम्युलेशन घ्यावे, आणि जे वर्गात दाखवणेच शक्य नाही, उदाहरणार्थ पेशीविभाजन किंवा उपग्रहाचे प्रक्षेपण, तेथे व्हिडिओ घ्यावा.

संग्रहांचे स्वभाव एकदा ओळखीचे झाले की रविवारचे तासही वाचतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ पाठ्यपुस्तकाला धरून चालते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड थेट त्या प्रकरणाशी नेतो. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी मुख्यतः एक प्रचंड सूची आहे. वस्तू दुसऱ्याच संस्थेच्या कपाटात असते, ही फक्त ती कोठे आहे ते सांगते. सीडॅक आणि अमृता विद्यापीठ यांच्या ‘ओलॅब्स’मध्ये नववी ते बारावीचे प्रयोग कृती, निरीक्षणे आणि प्रश्नांसह मिळतात, प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुलांना कृतीची ओळख करून देण्यासाठी ते उत्तम, प्रयोगाच्या ऐवजी मात्र नव्हे.

प्रश्न : मराठीत शब्द टाकून शोधले तर काही सापडत नाही किंवा हिंदी साहित्य येते. इंग्रजीत शोधले तर ढीगभर मिळते, पण माझी मुले मराठी माध्यमाची आहेत. मराठीत साहित्यच नाही असे समजायचे का? (विज्ञान शिक्षक, लातूर जिल्हा)

उत्तर : साहित्य कमी आहे हे खरे, परंतु जे आहे तेही सापडत नाही, आणि त्यामागे तीन वेगवेगळी कारणे आहेत.

पहिले कारण परिभाषेचे. आपल्या दहावीच्या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हे प्रकरण आहे. त्याच संकल्पनेला मागच्या पिढीने ‘वक्रीभवन’ म्हटले, आणि मराठी विश्वकोशात ‘प्रणमन’ हा शब्द वापरलेला आढळतो. एकच घटना, तीन नावे. शोधयंत्राला संकल्पना कळत नाही, त्याला अक्षरे कळतात. म्हणून तिन्ही शब्द टाकून तीनदा शोधावे. गंमत अशी की ‘अपवर्तन’ हा शब्द हिंदीतही तसाच असल्यामुळे तो टाकला की हिंदी साहित्याचा पूर येतो, तर ‘वक्रीभवन’ टाकले की मराठीच हाती लागण्याची शक्यता वाढते. हीच युक्ती इतरत्रही चालते. द्रव्यमान, तत्त्व, अनुपात हे हिंदीचे शब्द. वस्तुमान, मूलद्रव्य, गुणोत्तर हे आपले. अपूर्णांक, लसावि, भिंग, आम्लारी हे शब्द तर मराठीखेरीज कोठे नेतच नाहीत. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. पर्यायी शब्द पाहण्यासाठी ते हाताशी असू द्यावेत.

दुसरे कारण लेखनाचे. विद्युतधारा आणि विद्युत धारा, ऊर्जा आणि उर्जा ही यंत्राच्या दृष्टीने वेगळी अक्षरे आहेत. साहित्य चढवणाऱ्याने ऱ्हस्व ‘उ’ लिहिला असेल तर शुद्ध लिहिणाऱ्याला ते सापडणार नाही. शुद्धलेखनाच्या बाबतीत आग्रही असलेल्या शिक्षकांना हे सांगताना संकोच वाटतो, पण शोधताना एखादेवेळी मुद्दाम चुकीचेही लिहून पाहावे.

तिसरे कारण थोडे तांत्रिक आहे. युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये अक्षरजुळणी करून छापला जात असे. अशा मजकुराच्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. स्कॅन केलेले पान तर यंत्राच्या लेखी नुसते चित्र असते. जुन्या विज्ञान मासिकांतले उत्तमोत्तम लेख अशा रीतीने डोळ्यांसमोर असूनही शोधात येत नाहीत. तेथे एकच उपाय : अनुक्रमणिका उघडून वाचावी. पुण्याहून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ किंवा मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका यांच्या जुन्या अंकांसाठी हाच मार्ग धरावा. एकदा चाळून ठेवलेली अनुक्रमणिका पुढे दहा वर्षे पुरते.

दीक्षावर मात्र शब्द टाकण्यापूर्वी मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडावी; निम्मा कचरा तेथेच गळतो. फेटची पुष्कळशी सिम्युलेशन्स मराठीत रूपांतरित झालेली आहेत. ही रूपांतरे स्वयंसेवकांनी केलेली असल्यामुळे त्यांतला एखादा शब्द पुस्तकातल्या शब्दाशी जुळत नाही. तेव्हा दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहावेत. जेथे मराठी रूप नाही तेथे ते स्वतः करण्याची सोयही त्या संकेतस्थळावर आहे. वाक्ये थोडी आणि छोटी असतात. एका सुटीच्या दिवसात एक सिम्युलेशन होते.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा डोंगरात आहे. एक प्रोजेक्टर आहे, वीज बहुतेक वेळा असते, नेट बहुतेक वेळा नसते. आमच्यासारख्यांनी डिजिटल ग्रंथालयाचा विचार तरी करावा का? (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : अवश्य करावा; फक्त ग्रंथालयातून पुस्तक घरी आणतात त्याप्रमाणे साहित्य आधी उतरवून आणावे. नेट चांगले असलेल्या शाळांनाही आमचा हाच सल्ला आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत पाठ पाहण्यास गेलो असताना पस्तीस मिनिटांपैकी बारा मिनिटे पडद्यावर फिरणारे वर्तुळ पाहण्यात गेली. शेवटी शिक्षकांनी खडू उचलला, आणि खरे सांगायचे तर तेथून पुढचा पाठ उत्तम झाला.

तालुक्याच्या गावी गेल्यावर एका पेनड्राइव्हवर पुढील गोष्टी आणता येतात. फेटचे नव्या पद्धतीचे प्रत्येक सिम्युलेशन एका स्वतंत्र फाइलच्या रूपात उतरवता येते आणि ती फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. दीक्षाच्या अ‍ॅपमध्ये साहित्य आधी उतरवून ठेवता येते. जिओजेब्रा या गणिताच्या आकृत्या काढण्याच्या सॉफ्टवेअरचे अ‍ॅप फोनवर नेटशिवाय चालते. याखेरीज ‘किविक्स’ नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्यात विकिपीडियासारखे संग्रह एका फाइलमध्ये साठवून वाचता येतात, आणि शाळेतल्या लॅपटॉपवर ते ठेवले तर त्याच वायफायवरचे इतर फोनही ते वाचू शकतात. बाहेरचे नेट त्यासाठी लागत नाही.

तथापि आपल्या शाळेसाठी सर्वांत मोलाचा संग्रह निराळाच आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या विज्ञान-खेळण्यांच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके विनामूल्य आहेत. हे असे डिजिटल ग्रंथालय आहे की ज्यातून घेतलेली वस्तू वर्गात पोहोचते तेव्हा ती डिजिटल राहिलेलीच नसते. त्यातली विजेची साधी मोटार घ्या : एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, छोटे चुंबक आणि लाखेचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. पिना सेलच्या दोन टोकांना ट्यूबच्या पट्टीने बांधायच्या, चुंबक सेलवर ठेवायचे आणि वेटोळ्याची दोन टोके पिनांच्या छिद्रांत अडकवायची. एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकाचा मात्र एक बाजू सोडून.

ही शेवटची सूचना मुले हमखास विसरतात, दोन्ही टोके स्वच्छ खरवडतात, आणि वेटोळे थोडे थरथरून थांबते. ते थांबू द्यावे, लगेच दुरुस्त करू नये. मुलामा असलेली बाजू पिनेला टेकते तेव्हा धारा खंडित होते आणि वेटोळे वेगाच्या भरात उरलेली फेरी पुरी करते. धारा अखंड राहिली तर उरलेल्या अर्ध्या फेरीत चुंबकाचे बल त्याला मागे ढकलते. दहावीच्या पुस्तकातल्या मोटारीत दुभंगलेल्या कड्यांनी धारेची दिशा उलटवून जी अडचण सोडवली आहे, तीच येथे धारा तोडून सोडवली आहे. हे ज्याने हाताने केले त्याला पुढे आकृती पाठ करावी लागत नाही, हे आपणच अनुभवाल.

प्रश्न : पंधरा वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणात गणिताच्या सुंदर आभासी साधनांचे दुवे मिळाले होते. मी ते वहीत जपून ठेवले. आता त्यांतले बहुतेक उघडतच नाहीत. हे साहित्य गेले कोठे? (निवृत्तीच्या उंबरठ्यावरील गणित शिक्षिका, पुणे)

उत्तर : आपल्या वहीत बहुधा अमेरिकेतील यूटा स्टेट विद्यापीठाच्या ‘नॅशनल लायब्ररी ऑफ व्हर्च्युअल मॅनिप्युलेटिव्ह्ज’चा दुवा असावा, त्या काळातील गणित शिक्षकांचे ते आवडते ठिकाण होते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात तराजूवर समीकरण सोडवणे, भूपट्टी (जिओबोर्ड, म्हणजे खुंट्यांना रबर अडकवून आकृत्या करण्याची पाटी), अपूर्णांकाचे ठोकळे अशी साधने होती आणि ती जावा या तंत्रावर चालत. पुढे सुरक्षिततेच्या कारणाने ब्राउझरांनी ते तंत्र चालवणे बंद केले. क्रोमने २०१५ मध्येच हात झटकले. फ्लॅशवर बांधलेल्या साहित्याची तीच गत झाली : ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि जगभरातील शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेली चलचित्रे एका रात्रीत मुकी झाली. ज्या संग्रहांकडे मनुष्यबळ होते, जसे फेट, त्यांनी आपले साहित्य नव्या तंत्रात पुन्हा लिहून काढले. इतरांचे राहिले.

संग्रहाच्या मागचा पैसा आटणे हे दुसरे कारण. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००० मध्ये विज्ञान आणि गणित शिक्षणासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मोठ्या खर्चाने उभे केले. पुढे तो निधी संपला आणि आज ते एका दुसऱ्या मुक्त शैक्षणिक संग्रहाच्या छपराखाली नांदते आहे. कागदी ग्रंथालयाला कुलूप लागले तरी आत पुस्तके असतात. येथे कुलूपही दिसत नाही. म्हणून दुव्यापाशी चार ओळी लिहून ठेवाव्यात : साधनाने काय दाखवले, मुलांना कोणता प्रश्न विचारला, मुले कोठे अडली. दुवा मेला तरी पाठ राहतो, आणि तेच साधन आज जिओजेब्रात दुसऱ्या कोणीतरी केलेले सहज सापडते. आपली वही रद्दीत देऊ नये. शाळेतल्या तरुण शिक्षकांच्या हाती द्यावी.

प्रश्न : उतरवलेले साहित्य आमच्या शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकले तर चालेल का? ‘फुकट मिळते म्हणजे आपलेच’ असे सहकारी म्हणतात. (शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर नाही. वर्गात शिकवताना साहित्याची प्रत वापरण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने शिक्षक आणि विद्यार्थ्यांना दिलेली आहे. सार्वजनिक वाहिनीवर टाकणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. बालभारतीच्या पुस्तकातच संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना छापलेली असते. ज्या साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे कर्त्याने इतरांना वापराची आधीच मुभा देणारा, परवाना आहे ते त्या परवान्याच्या अटीत राहून, कर्त्याचे नाव देऊन, पुढे देता येते. अटी परवान्यागणिक बदलतात. त्या वाचण्यास दोन मिनिटे पुरतात.

प्रश्न : नववीच्या वर्गात जिओजेब्रावर त्रिकोण काढून कोनांची बेरीज दाखवत होतो. पडद्यावरची तीन मापे मुलांनी मिळवली तर १७९.९९ आली आणि वर्ग हसला. माझे वरिष्ठ सहकारी म्हणतात, ‘म्हणूनच फळा बरा, या खेळण्यांनी सिद्धता मागे पडते.’ आपले मत काय? (गणित शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : त्या हसण्याचे सोने करता आले असते. तीन कोन समजा ५१.३३४, ६४.३३३ आणि ६४.३३३ अंशांचे आहेत. बेरीज बरोबर १८०. पडदा मात्र दोनच दशांश स्थळे दाखवतो, म्हणून मुलांना ५१.३३, ६४.३३, ६४.३३ दिसतात आणि बेरजेत एक शतांश हरवतो. हे मुलांनाच शोधू द्यावे आणि लगेच विचारावे : मोजून जर कधी १७९.९९ आणि कधी १८०.०१ येणार असेल, तर नेमके १८० कशावरून? समांतर रेषांच्या प्रकरणातली, शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून केलेली सिद्धता वर्गाला हवीशी वाटते ती या क्षणी. एरवी ती मुलांना आधीच माहीत असलेल्या गोष्टीची उगाच केलेली उठाठेव वाटते. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांची भीती पूर्णपणे निराधार नसली, तरी मोजमापाला सिद्धता समजण्याची चूक कोनमापकानेही होत आलीच आहे.

जिओजेब्राचे खरे बळ आकृती हलवण्यात आहे. साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते सुरू केले, आणि आज त्याच्या संकेतस्थळावर जगभरच्या शिक्षकांनी केलेल्या आकृत्यांचे ग्रंथालयच साठले आहे. त्याचा दर्जा फार कमीजास्त आहे. आमच्या मते तयार आकृती पाहून कल्पना घ्यावी आणि आकृती स्वतः काढावी. दहावीच्या अंतर्लिखित कोनासाठी (ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावर असतो आणि भुजा वर्तुळाला छेदतात तो कोन) वर्तुळावर अ आणि ब हे बिंदू असे घ्यावेत की लहान कंस ८० अंशांचा होईल. मोठ्या कंसावर प हा बिंदू घेऊन अपब हा कोन मोजावा. ४० अंश येतील. आता मुलांपैकी कोणीतरी प हळूहळू सरकवावा. कोन ४० च राहतो, अगदी ब पर्यंत. वर्गाला वाटू लागते की हा कधी बदलतच नाही. तोच प हा ब ओलांडून लहान कंसावर येतो आणि माप एकदम उडी घेते.

येथे एक खाचखळगा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. जिओजेब्रा कोन एकाच दिशेने मोजत असल्यामुळे पडद्यावर १४० ऐवजी २२० दिसू शकते. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन मापाची मर्यादा शून्य ते १८० अंश अशी करून घ्यावी. ही तयारी आदल्या दिवशी केली नाही तर भर तासात गोंधळ उडतो.

१४० दिसले की पडदा तसाच ठेवावा आणि मुलांना वहीत दोन ओळी लिहायला लावाव्यात : प मोठ्या कंसावर असताना कोनाने अंतर्खंडित केलेला कंस किती, आणि लहान कंसावर असताना किती? पहिला ८०, दुसरा २८०. निम्मे केले की ४० आणि १४०. हे दोन कोन एकाच आकृतीत काढले की अ, ब आणि प ची दोन स्थाने मिळून चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेला) तयार होतो, आणि त्याच्या संमुख कोनांची बेरीज १८० अंश असते हे प्रमेय फळ्यावर लिहिण्याआधीच मुलांच्या वहीत आलेले असते. आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना त्या तासाला मागच्या बाकावर बसण्याचे निमंत्रण अवश्य द्यावे.